दादाच्या उजव्या कानातून

हे खरं आहे. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे खाली कोणी "मस्त स्टोरी" असं लिहायला नको. स्टोरी नाहीये ही. माझ्या सख्ख्या मोठ्या भावाच्या बाबतीत घडलंय आणि मी समोर बसलो होतो.

रात्रीचे बारा, सामसूम रस्ता, कुत्र्याचं रडणं असलं काही यात नाही. ज्यांना तेच हवंय त्यांनी पुढची पोस्ट वाचावी.

वार मंगळवार. दुपारचे तीन. ट्यूबलाइट लख्ख पेटलेली. पोटभर जेवून मी खुर्चीत पेंगत होतो.

माझं काम कान तपासण्याचं. डॉक्टर नाही मी. डॉक्टर मॅडम वेगळ्या. त्या कानात बॅटरी मारून बघतात आणि पेशंटला माझ्याकडे ढकलतात. माझ्याकडे एक केबिन आहे. जाड भिंती, आतून फोम, दार फ्रीजसारखं चिकटून बंद होणारं. बाहेरचा आवाज आत जात नाही. पेशंट आत बसतो, कानाला हेडफोन, हातात बटण. मी काचेच्या अलीकडे बसून आवाज सोडतो. आधी मोठा, मग लहान, मग अगदी मुंगीएवढा. ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. दाबलं की माझ्या टेबलावर हिरवा दिवा लागतो.

हिरवा दिवा म्हणजे "ऐकलं".

या कामात एक नियम आहे. आवाज तालात सोडायचे नाहीत. एक सोडला, लगेच दुसरा. मग चार सेकंद काहीच नाही. मग तिसरा. वेडंवाकडं. कारण तालात सोडले की पेशंटचा अंगठा ताल पकडतो. ऐकू न येताच तो बरोबर वेळेला दाबत राहतो, आणि तुम्ही खुशाल लिहिता, कान उत्तम.

हा नियम मी एकदाच मोडला.

दोन वर्षांपूर्वी. दादा पत्र्याचे डबे करायच्या कारखान्यात प्रेस मशीनवर होता. सव्वीस वर्षं. ठण्‌... ठण्‌... ठण्‌... दिवसभर हेच. तिथल्या सगळ्यांचे कान दरवर्षी तपासायचे असतात. ते काम आमच्याकडे आलं. एका दिवसात बासष्ट माणसं. दादा शेवटचा. मला भूक लागलेली, डोकं भणभणलेलं, आणि घरचंच माणूस. एक आवाज, तीन सेकंद. एक आवाज, तीन सेकंद.

आता सव्वीस वर्षं प्रेसच्या ठोक्यावर हात चालवलेला माणूस तो. ताल पकडणार नाही तर काय? दर वेळी अंगठा बरोबर. कागदावर मी लिहिलं, दोन्ही कान उत्तम. खाली सही ठोकली आणि जेवायला गेलो.

त्यानंतर वहिनी दोनदा तरी म्हणाली, "भाऊजी, यांना काही ऐकू येत नाही हो. मी स्वयंपाकघरातून ओरडून ओरडून मरते. तुमच्या मशीनला काय कळतंय?"

मी म्हणालो, "वहिनी, नवऱ्याला बायकोचं ऐकू न येणं हा आजार नाही, सोय आहे."

ती हसली. दादाही हसला, कारण आम्ही हसत होतो. जोक काय होता ते त्याला ऐकूच आलं नव्हतं. हे मला आता कळतंय.

त्या मंगळवारच्या आठ महिने आधी वहिनी गेली.

सुट्टीचा दिवस होता. दुपारी ती बाथरूममध्ये पाय घसरून पडली. दादा बाहेरच्या खोलीत पंख्याचा रेग्युलेटर उघडून बसला होता. बाथरूम त्याच्या पाठीमागे. मध्ये एक दार, फार तर दहा पावलं. बाथरूमचं पाणी दाराखालून बाहेर आलं, त्याच्या पायाला लागलं, तेव्हा तो उठला.

मी पोचलो तेव्हा डॉक्टर आलेले होते. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "लगेच गेल्या नसाव्यात. वीसेक मिनिटं तरी असतील. कोणाला हाक मारली नाही का त्यांनी?"

मी दादाकडे पाहिलं. तो ओल्या फरशीवर बसला होता.

त्याला मी सांगितलं, "दादा, डोक्याला मार बसला. तिथल्या तिथे गेली. तिला कळलंसुद्धा नाही."

तो म्हणाला, "नक्की?"

"नक्की."

या एका शब्दावर तो माणूस आठ महिने उभा होता. रिपोर्टचं मी कोणाला बोललो नाही. कोणत्या तोंडाने बोलणार?

वहिनी गेल्यावर दादाने कारखाना सोडला होता, दिवसभर घरीच असायचा. तर, त्या मंगळवारी तो न सांगता आला. येऊन समोर बसला आणि मोठ्या आवाजात म्हणाला, "बारक्या, मला कानाचं मशीन लाव."

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, सुटल्यासारखंच वाटलं. म्हटलं उशिरा का होईना, माणूस तयार झाला. त्याच्याकडे तोंड करून, ओठ नीट हलवत विचारलं, "काय झालं एकदम? लोक ओरडतात का तुझ्यावर?"

"लोकांचं जाऊ दे रे. मला तुझी वहिनी काय म्हणतेय ते ऐकायचंय."

मी पेन खाली ठेवलं.

"रोज येते. उजव्या कानात. दुपारी तीन-दहाला सुरू होतं. साडेतीनला बंद. बोलतेय एवढं कळतं. काय बोलतेय ते कळत नाही. तू मशीन लाव, म्हणजे कळेल."

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. कानात आवाज येतो म्हणणारे माझ्याकडे महिन्याला दहा येतात. कोणाला घंटा ऐकू येते, कोणाला शिट्टी, कोणाला पाऊस. आवाज म्हणजे शेवटी काय? हवेचा धक्का. एका कणाने दुसऱ्याला ढकलायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला. तो धक्का कानाच्या पडद्यावर येतो, पडद्यामागची तीन इवलीशी हाडं हलतात, आणि आत शंखाच्या आकाराची पाण्याने भरलेली नळी आहे, त्या पाण्यात लाट उठते. पाण्यात बारीक केस असतात. ते हलले की आपल्याला ऐकू येतं. मोठ्या आवाजाने ते केस मोडतात. एकदा मोडले की पुन्हा उगवत नाहीत. मग मेंदू काय करतो, रिकाम्या जागेत स्वतःच काहीतरी वाजवत बसतो.

काय बोलतेय ते का कळत नाही, तेही मला माहीत होतं. आधी मरतात ते बारीक आवाजाचे केस. क, त, स, प ही अक्षरं त्याच बारीक आवाजांत असतात. आ, ओ, ऊ हे जाड आवाज शेवटपर्यंत टिकतात. म्हणून अशा माणसाला कोणीतरी बोलतंय हे कळतं, शब्द लागत नाहीत.

हे सगळं मी पेशंटला रोज समजावतो. दादाला समजावलं नाही. त्याचा चेहरा बघून धीर झाला नाही.

"आत बस," म्हणालो. "आधी तपासू."

या वेळी नीट तपासलं. वेडंवाकडं. आवाज सोडला... दिवा नाही. वाढवला... दिवा नाही. भिंत थरथरेल एवढा केला, तेव्हा कुठे एकदा लागला. डावा कान संपलेला. उजवा जवळजवळ संपलेला. माझी सही असलेल्या त्या "उत्तम" कानांचा आलेख तळाशी जाऊन पडला होता.

घड्याळात तीन-दहा झाले.

मी काहीच सोडलं नव्हतं. हात मांडीवर होते.

हिरवा दिवा लागला.

मी माइकवर ओरडलो, "दादा, वाजेल तेव्हाच दाब!"

काचेतून माझे ओठ वाचून तो आतल्या माइकवर म्हणाला, "वाजतंय म्हणूनच दाबतोय."

पुन्हा दिवा. मग सात सेकंद काही नाही. मग दिवा... मग दिवा.

माझ्याकडे दुसरं एक मशीन आहे. तान्ह्या बाळांसाठी. बाळ काही बटण दाबत नाही, म्हणून त्याच्या कानात एक छोटं बोंड बसवायचं. बोंडात बारीक स्पीकर आणि त्याहून बारीक माइक. गंमत अशी की जिवंत कान नुसता ऐकत नाही. टिक्‌ केलं की तो स्वतः एक अगदी बारीक आवाज परत बाहेर सोडतो. आतले केस हलतात त्याचा. माइक तो पकडतो. कान मेलेला असेल तर काही परत येत नाही. स्क्रीनवर सपाट रेघ. त्यात फसवाफसवी नाही.

म्हटलं, सपाट रेघ दाखवतो. डोळ्यांनी पाहील तर मानेल. केबिनमध्ये जाऊन उजव्या कानात बोंड बसवलं, बाहेर आलो, मशीन चालू केलं.

रेघ सपाट नव्हती.

बोंड काढलं. मळ गेला असेल म्हणून पुसलं. स्वतःच्या कानात लावून बघितलं, ठीक. तपासणीच्या प्लास्टिकच्या कपात लावलं, सपाट, जशी हवी तशी. परत दादाच्या कानात लावलं.

रेघ उसळली.

त्या माइकचा आवाज हेडफोनवर ऐकता येतो. आम्ही कधी ऐकत नाही, गरजच पडत नाही. त्या दिवशी मी हेडफोन लावला.

आधी नुसता सूं... असा आवाज.

मग पाणी.

नळाचं पाणी बादलीत पडत होतं. बादली भरत आली की तिच्यातली हवा कमी होते आणि आवाज बारीक बारीक होत जातो. तसा तो होत गेला. मग बादली भरली. मग पाणी काठावरून फरशीवर.

आणि मग...

"अहो..."

मी हेडफोन कानावर दाबून धरला. पाया पडतो, हसू नका. वहिनीचा आवाज मी बावीस वर्षं ऐकलाय.

"अहो, जरा येता का? पडले मी."

बाथरूममध्ये घुमतो तसा घुमत होता. आवाज कुठे टिकत नाही हो. एक सेकंदात भिंतींत जिरतो, संपतो. आठ महिन्यांपूर्वीचा आवाज कुठेच असू शकत नाही. हे मी मनात म्हणत होतो, आणि हेडफोनमध्ये ती थोडं हसली. स्वतःवरच.

"उठताच येत नाहीये बघा. दार नुसतं लोटलंय, ढकला."

कडी लावलेली नव्हती. हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

"अहो..."

मी मान वर केली. काचेपलीकडे दादा डोळे मिटून बसला होता. बटण त्याच्या हातातच राहिलं होतं.

हिरवा दिवा लागला.

"अहो..."

दिवा.

"ऐकू येत नाही का हो? अहो..."

दिवा.

ती हाक मारायची, वाट बघायची, आणि दर वेळी तो बटण दाबायचा. ऐकलं. ऐकलं. ऐकलं. मी मध्ये बसून दोन्ही बघत होतो. मला रडू कोसळलं. हुंदका दाबायला तोंडात रुमाल कोंबला.

तिचं हसणं थांबलं. मग रडणं सुरू झालं. मग तेही थांबलं आणि नुसतं "अहो" उरलं. साडेतीनला पाणी तेवढं राहिलं, आणि मग तेही गेलं. स्क्रीनवरची रेघ सपाट झाली.

दादाने डोळे उघडले. केबिनचं दार ढकलून बाहेर आला. माझा चेहरा बघून म्हणाला, "तू ऐकलंस."

मी मान हलवली. नाही म्हणायला हवं होतं, सुचलं नाही.

"तीच ना?"

"तीच."

"काय म्हणतेय?"

आता सांगा, काय सांगायचं? शब्द फिरवून नाही म्हटलं तर ती त्याला येऊन भेटते हे एवढंच सुख गेलं. खरं सांगितलं तर माणूस त्याच रात्री स्वतःचं काही बरंवाईट करून घेणार. मी म्हणालो, "ती म्हणतेय, बादली भरली. नळ बंद करा."

"बस, एवढंच?"

"एवढंच. वैतागलीय तुझ्यावर. नेहमीसारखी."

दादा माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. ऐकू न येणारी माणसं चेहरा वाचतात, आणि माझा चेहरा तर रडून सुजला होता. तरी तो हसला. म्हणाला, "वैतागली असेल तर ठीक आहे. घाबरलेली नाही ना?"

"छे रे."

"मग रोज येतो मी. इथे बटण दाबता येतं. तिला तेवढंच कळेल, मी आहे म्हणून."

आणि तो आला. दीड महिना. रोज तीनला. मी त्या वेळेला पेशंट घेणं बंद केलं. डॉक्टर मॅडमना प्रिंट काढून दाखवला, त्या म्हणाल्या, "मशीन बिघडलंय, कंपनीला फोन कर." कंपनीचा माणूस आला, तपासून गेला. मशीन चोख होतं.

रोज तेच. तेच पाणी, तेच शब्द, तेवढाच वेळ. दादा दिवा लावायचा, मी रोज नवीन खोटं सांगायचो. आज म्हणाली दूध आणा. आज म्हणाली शर्टाचं बटण तुटलंय. दादा ते ऐकून जाताना खरंच दूध घेऊन जायचा. घरात पिणारा तो एकटा, रोज थोडं नासत होतं.

त्यात एक गोष्ट मला आधी दिसली, त्याला नाही. दिवे उशिरा लागायला लागले होते. मग काही हाका चुकायला लागल्या. दहा हाकांना आठ दिवे. मग सहा. मग तीन. त्याचा उजवा कान उरलासुरला होता, तोही जात होता. स्वतःच्याच कानातून बाहेर येणारा आवाज त्याला का ऐकू येऊ नये? मला विचारू नका. मला काही कळत नाही.

मागच्या महिन्यातला गुरुवार. तीन-दहा.

पाणी सुरू झालं. बादली भरली.

"अहो..."

दिवा नाही.

"अहो, जरा येता का? पडले मी."

दिवा नाही.

दादा काचेपलीकडे डोळे मिटून, अंगठा बटणावर ठेवून ताठ बसला होता. कान देऊन. अगदी सगळा जीव कानात आणून. ती हाक मारत होती, आणि तो तिच्या इतक्या जवळ बसून पुन्हा एकदा ऐकत नव्हता.

वीस मिनिटं. एकही दिवा नाही.

मग त्याने डोळे उघडले आणि काचेतून मला विचारलं, "आज आली नाही का रे ती?"

माझ्या कानात ती रडत होती.

मी मान हलवली. नाही.

"काहीच नाही?"

"काहीच नाही, दादा."

त्याने बटण हळूच खाली ठेवलं. डोळे पुसले. आणि त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी वहिनी गेल्यापासून पाहिलं नव्हतं. तो शांत झाला. म्हणाला, "सुटली म्हणायची. बरं झालं. तिचं सांगून झालं असेल."

तो कानातलं बोंड काढायला हात वर नेत होता. तेवढ्यात हेडफोनमधलं घुमणं बंद झालं. पाणी नाही, फरशी नाही, भिंती नाहीत. भिंती नसल्या की आवाज घुमत नाही, अगदी कानाशी आल्यासारखा येतो. तसा आला.

"भाऊजी..."

दीड महिन्यात हे कधी नव्हतं.

"भाऊजी, तुम्ही तरी उठवा हो त्यांना..."

मी आवाजाचं बटण फिरवलं. शून्यावर. हो, फिरवलं. हात आपोआप गेला असं म्हणणार नाही. मीच फिरवलं.

दादाने बोंड काढलं, पुसून माझ्या हातात दिलं आणि घरी गेला.

आता तो पूर्ण बहिरा आहे. तब्येत सुधारलीय, जेवतो, दुपारी पेपर वाचतो. सगळे म्हणतात, चला, सावरला एकदाचा. मी त्याच्याकडे जातो, पण तीनच्या आत निघतो. एकदा उशीर झाला होता. घड्याळात तीन-दहा झाले तेव्हा मी त्याच्या उजव्या बाजूला बसलो होतो. मध्ये हातभर अंतर. पंखा चालू होता, रस्त्यावरून गाड्या जात होत्या. मला काही ऐकू आलं नाही. दादाने पेपरचं पान उलटलं आणि मला विचारलं, "काय रे, रडतोस काय?"